आधी नाडी, मग आकृती

लिंबाच्या रसाने एकदा माझ्या आठवीच्या वर्गाची दोन दिवस दिशाभूल केली होती. पिष्टमय पदार्थांचे पचन लाळेमुळे तोंडातच सुरू होते हे पाहण्यासाठी आम्ही भाताची पातळ पेज चार परीक्षानळ्यांत घेतली. पहिलीत नुसती पेज होती, दुसरीत पेज आणि लाळ, तिसरीत पेज आणि उकळून थंड केलेली लाळ, तर चौथीत पेज, लाळ आणि लिंबाचा रस. अन्न जठरातल्या आम्लात भिजले की लाळेचे काम थांबते असे पुस्तक सांगते, आणि ते चौथ्या नळीत दिसेल अशी माझी अपेक्षा होती. नळ्या कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवून प्रत्येकीत आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकले; पिष्ट शिल्लक असेल तर आयोडीनने निळा-काळा रंग येतो. पहिली आणि तिसरी नळी निळी-काळी झाली, दुसरी झाली नाही. इथपर्यंत सारे पुस्तकाबरहुकूम घडले. चौथी नळी निळी व्हायला हवी होती, पण तिच्यात कोणताच रंग उमटला नाही. लिंबू लाळेला मदत करते, असे अनुमान मुलांनी वहीत लिहून टाकले, आणि जेवताना वरण-भातावर लिंबू का पिळतात याचे कारणच सापडले असे एका मुलीने जाहीर केले. मलाही त्या दिवशी उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने साध्या पाण्यात आयोडीनचे थेंब टाकले आणि त्यात लिंबू पिळले. पेजेचा कणही नसलेल्या त्या पाण्याचा तपकिरी रंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. लिंबातले क जीवनसत्त्व आयोडीनशी क्रिया करून त्याचा रंग घालवते, एवढाच तो प्रकार होता. चौथ्या नळीत आम्ही आणखी आयोडीन टाकत गेलो तेव्हा निळा रंग उमटला, म्हणजे पिष्ट तिथे शाबूत होते. मग लिंबाऐवजी पांढरे व्हिनेगर घेऊन प्रयोग पुन्हा केला आणि पुस्तकातले वाक्य आम्हाला नळीत दिसले. पुस्तक चुकले नव्हते. मात्र ते बरोबर आहे हे तपासायचे कसे, हे त्या वर्गाला आता ठाऊक झाले होते.

नाशिकमध्ये बरीच वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मानवी शरीराच्या संस्था शिकवताना मुलाने स्वतःच्या शरीरावर किंवा स्वयंपाकघरातल्या साहित्यावर केलेली साधी, मोजता येणारी आणि चुकण्याची मुभा असलेली कृती आधी यावी, आणि आकृती, व्याख्या व चित्रफीत तिच्या मागून याव्यात. हा क्रम एखाद्या उत्साही शिक्षकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. परीक्षेच्या गुणांत त्याला हक्काची जागा मिळायला हवी.

आज प्रत्यक्षात काय घडते ते पालकांनाही ठाऊक आहे. दहावीच्या विज्ञानाला लेखी परीक्षेचे ८० गुण असतात आणि प्रात्यक्षिकाचे व अंतर्गत मूल्यमापनाचे २०. त्या २० गुणांसाठी जर्नल लागते, आणि अनेक ठिकाणी त्या जर्नलातले उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे पाचही भाग फळ्यावरून किंवा गाईडमधून एकाच बैठकीत उतरवले जातात. ज्याने काही पाहिलेच नाही त्याने निरीक्षण लिहायचे, ही गोष्ट मला नुसत्या वेळखाऊ रिवाजापेक्षा फार गंभीर वाटते. न पाहता ‘मला असे दिसले’ असे लिहायला आपण मुलांना शिकवतो आणि त्याला गुण देतो. बेडकाचे विच्छेदन शाळा-महाविद्यालयांतून हद्दपार झाले, ते योग्यच झाले. परंतु शरीराला प्रत्यक्ष भिडण्याचा तो एक मार्ग बंद झाल्यावर त्याच्या जागी दुसरे काय आणायचे, याचा विचार पुरेसा झाला नाही. जागा भरली ती थर्माकोलच्या रंगीत हृदयाने आणि भिंतीवरच्या डिजिटल फळ्याने.

नाडीपासून सुरुवात करावी असे मी म्हणतो, कारण तिला घड्याळाखेरीज काही लागत नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवायची, स्वतःचा अंगठा वापरायचा नाही, कारण त्याचीच नाडी जाणवून मोजणी बिघडते, आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारा गट आणि पूर्ण मिनिट मोजणारा गट असे दोन गट केले, तर एका ठोक्याची चूक चौपट कशी होते ते मुलांना लगेच कळते. बसून, उभे राहून, मैदानाला दोन फेऱ्या मारून आणि त्यानंतर दर मिनिटाला असे आकडे घेतले की त्यांचा आलेख निघतो. सहलीला पांडवलेणीला जाणाऱ्या शाळांनी पायथ्याशी एकदा आणि पायऱ्या चढून वर गेल्यावर एकदा नाडी मोजून घ्यावी. लेणी पाहण्यात त्याने काही उणे पडत नाही. रोज खेळणाऱ्या मुलाची नाडी लवकर पूर्ववत होते हे वर्ग स्वतः शोधतो, तेव्हा व्यायामाच्या महत्त्वावर वेगळा निबंध लिहून घ्यावा लागत नाही.

नाडीपुढची पायरी त्याहून मोलाची आहे. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाएवढे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५ लिटरांहून थोडे अधिक, आणि तासाला ३०० लिटर. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी या वेगाने पावणेदोन तासांच्या आत भरेल. आता वर्गाला विचारावे की एवढे रक्त येते कुठून? गॅलेन या प्राचीन वैद्याच्या मते ते अन्नापासून यकृतात तयार होत होते आणि शरीरात वापरून संपत होते, आणि ही समजूत युरोपात जवळजवळ चौदाशे वर्षे टिकली. तासाला ३०० लिटर रक्त तयार करायला किती जेवावे लागेल, असे कोणी विचारले की वर्गात हसू उसळते, आणि त्या हसण्यातूनच मुले अभिसरणाशी येऊन पोहोचतात: तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये हाच तर्क मांडला होता. त्याने धरलेले आकडे आजच्यापेक्षा बरेच कमी होते, तरी तर्क अडला नाही. सातवी-आठवीच्या मुलाला गुणाकार येतो, म्हणजे हा शोध त्याच्या आवाक्यात आहे.

हार्वेने दंड बांधून शिरांतल्या झडपा दाखवल्या, तो प्रयोगही घरी करण्याजोगा आहे. मुलांच्या भरीव हातांवर शिरा नीट दिसत नाहीत, म्हणून तो मी वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातावर करायला सांगत असे. निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या मुलांच्या घरी द्राक्षबागेत छाटणी करणारे हात असतात आणि त्यांच्यावर शिरा दोरीसारख्या उठून दिसतात. दंडावर मिनिटभर रुमाल आवळायचा, फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त खांद्याच्या दिशेने पुढच्या गाठीसारख्या उंचवट्यापलीकडे सारायचे. वरचे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो. खालचे बोट उचलताच तो भरतो. शिरेतले रक्त एकाच दिशेने जाते हे त्या दोन बोटांत कळते. दुसऱ्या दिवशी एका मुलाने विचारले होते की दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या त्याच्या आईच्या पायांवरच्या निळ्या शिरा याच झडपांमुळे आहेत का. पायांतल्या झडपा कमजोर झाल्या की रक्त साचून शिरा अशा फुगतात, हे मी त्याला सांगितले. तो प्रश्न आकृतीवरून आला नसता.

आपल्या शहराच्या नावाशी नाकाची कथा जोडलेली आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून हे नासिक, ही आख्यायिका इथले प्रत्येक मूल ऐकत मोठे होते. त्या नाकाचे काम तपासायला चिमूटभर साखर आणि वेलचीची पूड पुरते. नाक चिमटीत धरून वेलचीची साखर जिभेवर ठेवली तर फक्त गोड लागते. नाक सोडले की वेलची ‘येते’. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो, सर्दीत जेवण बेचव का लागते, हे सगळे एका घासात समजते.

इथे एक आक्षेप येतो, तोही अनुभवी शिक्षकांकडून, आणि तो मला पटण्यासारखा वाटतो: प्रतिकृती आणि घरगुती प्रयोग चुकीच्या कल्पना रुजवतात. फुप्फुसाची बाटली-फुग्यांची प्रतिकृती घ्या. बाटलीत दोन फुगे, तळाला ताणलेले रबर. रबर ओढले की फुगे फुगतात. यावरून मूल असे समजते की छातीत फुप्फुसांभोवती मोठी रिकामी जागा असते, प्रत्यक्षात तिथे द्रवाचा अगदी पातळ थर असतो. रबर खाली ओढले जाते, तर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, विश्रांतीत घुमटासारखे वर उचललेले असते आणि श्वास घेताना सपाट होत जाते. बाटलीची भिंत हलत नाही, फासळ्या मात्र वर आणि बाहेर येतात. फुप्फुसही फुग्यासारखे पोकळ नसते, स्पंजासारखे असंख्य सूक्ष्म वायुकोशांचे असते. मूत्रपिंडाला ‘गाळणी’ म्हणतानाही हेच घडते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि मूत्र बनते ते दीड-दोन लिटर. म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा फार मोठा भाग गाळलेले परत घेण्याचा आहे, आणि कोणत्याही चहाच्या गाळणीत तो दिसत नाही.

हे सारे मान्य करूनही मी प्रतिकृतीच्या बाजूने आहे, मात्र एका अटीवर: ती बनवून झाल्यावर ‘ही कुठे खोटी आहे’ हा तास झाला पाहिजे. माझ्या वर्गात मुले एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवून श्वास घेत, फासळ्यांभोवती शिंप्याचा टेप धरून श्वास आत आणि बाहेर असताना छातीचा घेर मोजत, आणि मग बाटलीकडे पाहून तिच्यातले दोष सांगत. सात-आठ दोष निघाले की मला श्वसन शिकवण्यासारखे फारसे उरत नसे. विकत आणलेल्या प्रतिकृतीत हे घडत नाही, कारण विकत आणलेल्या वस्तूला दोष देण्याचे धाडस मूल करत नाही. चित्रफितीचीही तीच गत आहे. ती सुंदर असते, शरीराच्या आतले जे डोळ्यांना कधीच दिसणार नाही ते दाखवते, आणि योग्य वेळी तिचा फार उपयोग होतो. पण ती प्रश्न पडण्याआधीच उत्तर देऊन मोकळी होते. आधी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ होताना पाहिलेल्या मुलाला, श्वासातून आत घेतलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के आणि सोडलेल्या हवेतला सुमारे ४ टक्के असतो, हे वाक्य लक्षात ठेवावे लागत नाही.

शाळांनी डिजिटल फळ्यांवर पैसा खर्च करण्याला माझा विरोध नाही. परंतु त्याच शाळेत एक आयोडीनची बाटली, दोन मोजपट्ट्या, थोडी रबरी नळी, फुगे, व्हिनेगर आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढे काहीशे रुपयांचे साहित्य मिळू नये, हे मला समजत नाही. पट्टी पडताना पकडण्याचा खेळ घ्या. मित्राने सोडलेली पट्टी १५ सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिसादाला साधारण ०.१७ सेकंद लागले, २० सेंटिमीटरवर पकडली तर ०.२० सेकंद. आता शंभरपासून सात-सात वजा करत मोठ्याने मोजताना तीच पट्टी पकडायला सांगावी. ती बहुतेकांच्या हातून बरीच खाली घसरते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी दुचाकी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधून जात असताना, गाडी चालवताना मोबाइलवर का बोलू नये हे सांगणाऱ्या फलकापेक्षा ती घसरलेली पट्टी सोळा वर्षांच्या मुलाला अधिक पटते.

वर्गात साठ मुले असतात आणि अभ्यासक्रम संपत नाही, ही अडचण खरी आहे. पण शरीराच्या प्रयोगांत साठ मुले म्हणजे साठ उपकरणे असतात. जोड्या लावल्या की काम भागते. आकडे अचूक येत नाहीत, हेही खरे. जोडीतल्या एकाने ७६ मोजले आणि दुसऱ्याने ८४, तर दोघांपैकी कोण चुकले हे शोधण्यात जो वेळ जातो तो मी अभ्यासक्रमाचाच भाग मानतो. काही गोष्टी मात्र या मार्गाने शिकवता येणारच नाहीत. प्रजनन संस्थेसाठी कोणताही वर्गप्रयोग नाही. तिथे मोकळेपणाने, योग्य शब्दांत बोलणारा शिक्षक हवा, आणि तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देणे याला पर्याय म्हणता येणार नाही. व्हिनेगरमध्ये कोंबडीचे हाड ठेवून त्यातला कॅल्शियम निघून गेल्यावर ते लवचीक होते, हा प्रयोग शाकाहारी घरांतल्या मुलांवर लादू नये. ज्यांना चालतो त्यांनी करावा, इतरांनी पाहावा किंवा पाहूही नये.

सावधगिरीच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. वर्गात सुई टोचून रक्तगट पाहणे शिक्षकाने करू नये. लाळ ज्याची त्यानेच हाताळावी, फुंकायची नळी प्रत्येकाची वेगळी असावी आणि निवळी चुकूनही ओढून तोंडात जाणार नाही हे पाहावे. श्वास रोखून धरण्याच्या स्पर्धा नकोत. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलाला धावायला न लावता वेळ नोंदवण्याचे काम द्यावे, आणि वजनाचे आकडे फळ्यावर कधीही लिहू नयेत. हे मी एका प्रसंगावरून शिकलो. नववीतल्या एका मुलीची बसून मोजलेली नाडी दर वेळी ११० च्या पुढे येत होती. पहिल्या दिवशी मी तो आकडा वर्गासमोर वाचून दाखवला, ती माझी चूक होती. मुले तिच्याकडे पाहू लागली आणि ती रडवेली झाली. नंतर तिच्या आईला बोलावून मी एवढेच म्हटले की डॉक्टरांना एकदा दाखवा. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. नाडी मोजणे म्हणजे निदान नव्हे, आणि शिक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे. पण वेगळा आकडा दिसला तर तो कुणाच्या कानावर, कसा आणि किती हळू आवाजात घालायचा, याचे प्रशिक्षण शिक्षकाला मिळायला हवे.

ती मुलगी अपवाद नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण असे आदिवासी तालुके आहेत, आणि आदिवासी समाजांत जास्त आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणीचे कार्ड हातात पडलेल्या पालकाला त्यावर काय लिहिले आहे ते कोण समजावणार? पेठकडच्या एका शाळेत आम्ही नरसाळ्यातून आधी मोहरी सोडली आणि मग लवंगा. मोहरी सळसळत खाली गेली, लवंगा एकमेकींत अडकून तोंडाशीच बसल्या. विळ्यासारख्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की वेदना का होतात, हे मुलांनी घरी जाऊन लवंगांनी समजावले. आजार अर्थातच याहून गुंतागुंतीचा आहे. तरी बोलायला सुरुवात झाली. ज्याला स्वतःच्या शरीराचा एकही आकडा कधी मोजावा लागला नाही, त्याला पुढे ‘शरीर डिटॉक्स’ करणारी बाटली किंवा रक्त वाढवणारे महागडे टॉनिक कोणीही विकू शकतो.

कायदा आणि धोरण या बाबतीत मागे नाहीत. शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा उल्लेख २००९ पासून आहे, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अनुभवातून शिकण्यावर भर देते. अडते ते परीक्षेपाशी. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या १६ शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे ओळखले होते. तिथे मुले प्रयोग करून शिकत, लेखी परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा असे, आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होई. शेकडो शाळांत पोहोचलेला तो कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत चालू शकलेली गोष्ट अशक्य होती असे म्हणता येत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आणि नेमकी आहे. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी किमान पाच गुण शरीरावरच्या, परीक्षेच्या टेबलावरच घेतलेल्या मोजणीसाठी राखावेत, आणि तिथे जर्नल पाहूच नये. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन दिवस शहरातल्या आणि तालुक्यातल्या शाळांत येऊन शिक्षकांसोबत हे प्रयोग करावेत, कारण नाडी कशी मोजावी हे त्यांनाही कोणाला तरी शिकवूनच पक्के होईल. शिक्षकांच्या प्रशिक्षणात भाषणांचा एक दिवस कमी करून तो प्रत्यक्ष पेज, आयोडीन आणि लाळ यांना द्यावा, लिंबासकट.

परीक्षकाने विद्यार्थ्याला नाडी मोजायला सांगावी, वीस उठाबशा काढून पुन्हा मोजायला सांगावी, दोन्ही आकडे त्याच्यासमोर लिहून घ्यावेत आणि मग शेजारच्या विद्यार्थ्याचे आकडे दाखवून विचारावे: हे तुझ्यापेक्षा वेगळे का आले असतील, आणि तुझे कारण खरे आहे की नाही हे तू कसे तपासशील?